घरातले मोडी कागद सरकारी दप्तरखान्यात द्यावेत का?

दांडियाबाजारकर
बडोद्यातले जुने वाडे पाडून फ्लॅट उभे राहताहेत आणि माळ्यावरच्या सनदा, हिशेबाच्या वह्या, मोडी पत्रं रद्दीत जाताहेत. हे कागद दप्तरखान्यात द्यावेत, असं माझं ठाम मत आहे. सयाजीराव महाराजांनी 1910 साली अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभं केलं, पेट्या भरभरून पुस्तकं खेड्यांत पाठवली. ज्या बडोद्यात पुस्तक वाचकाच्या दारी गेलं, तिथे कागद माळ्यावर का कुजावेत?

रावपुऱ्याहून
पुस्तकाची पेटी गावात उघडायची, वाचली जायची. दिलेल्या कागदाचं तसं होत नाही. आमच्या काकांनी एका कार्यालयात रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, दिला. पोच मिळाली, आत काय होतं त्याची यादी नाही. पुढे बघायला मागितला तर सापडेना. मूळ घरीच ठेवा, स्कॅनची प्रत द्या. ती चार ठिकाणी राहील.

जुनी वही
घरी किती दिवस राहील? ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी किती घरांत शिरलं ते आठवा. वाळवी तर बारा महिने आहेच. शिवाय घाईत स्कॅन करणारे पाठपोट, म्हणजे दोन्ही बाजू, करत नाहीत आणि पाठीवरचा शेरा, पोचल्याची तारीख तिथेच असते.

मोडी शिकतेय
तिघेही जागेवरून भांडताय. माझ्या मते खरी अडचण वाचणाऱ्यांची आहे. पोथ्यांची काळजी घेणारं प्राच्यविद्या मंदिर बडोद्यात आहे, गायकवाड प्राच्य ग्रंथमाला 1916 पासून निघते. पण राष्ट्रीय हस्तलिखित मिशनच्या व्याख्येत महसुली कागद बसतच नाहीत. सावकाराच्या वहीला वाली कोण?

आणि नुसती छायाचित्रं टाकून शोधणाऱ्याला काय मिळणार? मोडी पत्रात साल अरबी शब्दांत असतं. त्या सालगणनेला शुहूर सन म्हणतात, त्यात 599 किंवा 600 मिळवल्यावर इसवी सन निघतो. तारीख, कोणाचं कोणाला, गाव, विषय: प्रत्येक कागदामागे एवढ्या चार नोंदी हव्यातच. बडोद्याच्या नोकरीत आयुष्य घालवलेल्या इतिहासकार रियासतकार सरदेसायांनी पुढे पेशवे दप्तरातून, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या कागदांतून, निवडक कागदांचे 45 खंड काढले, ते आधी रुमाल सोडून कागद लावले म्हणूनच.

जुनी वही
खंड काढणं म्हणजे निवड. त्यांना लढाया आणि कारभार महत्त्वाचा वाटला. आज कुणाला विधवेच्या पोटगीचा अर्ज हवा असेल. म्हणून निवड नको, सगळं ठेवा.

मोडी शिकतेय
हे मान्य. तरी सगळं ठेवायचं तर सगळ्याचीच यादी हवी.

रावपुऱ्याहून
यादी सही-शिक्क्यानिशी माझ्या हातात पडली की मूळ कागदही देईन. त्याआधी नाही.

दांडियाबाजारकर
आमच्या गल्लीतला एक वाडा दिवाळीनंतर पाडणार आहेत. यादी होईपर्यंत त्या माळ्यावरचे कागद कुणाच्या घरी ठेवायचे, ते आधी ठरवूया.