ऱ्हस्व-दीर्घ: शब्द जोडीने द्या

मुलाचा शुद्धलेखनात चुकलेला शब्द त्याच्याकडून दहा वेळा लिहून घ्या, असा सल्ला दिला जातो; मला तो पटत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीनंतर मूल वरचं बघून उतरवतं, आठवत नाही. शब्द बघा, झाका, मोठ्याने म्हणा, लिहा, मग ताडून पाहा. तोच शब्द दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने परत विचारा. एका वेळी पाच-सहा शब्द पुष्कळ झाले.

मुंबईत इंग्रजी माध्यमातल्या मुलांचं मराठी बहुतेक ऱ्हस्व-दीर्घात अडतं, आणि सरावाच्या याद्यांमध्ये शब्द सुटेच असतात. ते जोडीने द्या: फूल–फुलाला, बहीण–बहिणीला, वीट–विटेवर, सून–सुनेला. शेवटचं अक्षर अकारान्त (म्हणजे ल, ण, ट, न असं, काना-वेलांटी नसलेलं) असेल तर त्याआधीचा इकार-उकार दीर्घ, प्रत्यय लागला की ऱ्हस्व. मोठ्याने म्हटलं की हा फरक कानालाही कळतो, म्हणून श्रुतलेखन घेताना दोन्ही रूपं सावकाश म्हणा. गुण, विष, मंदिर, तरुण असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र वहीत वेगळ्या पानावर हवेत; ते मुळातच ऱ्हस्व आहेत. दोन्ही एकाच यादीत घातले की मूल ‘मंदीर’ लिहितं, आणि नियम नीट लावल्यामुळेच चुकतं. अशी चूक तांबड्या शाईने नुसती खोडू नका, शब्द कोणत्या पानावरचा ते विचारा.