ब्लाइंड तिरका अडकलाय, ५०० रुपयांत सुटेल का?

पश्चिमखिडकी: बाबांच्या खोलीतला ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा ब्लाइंड कालपासून डावीकडे वर आणि उजवीकडे खाली असा अडकलाय. दोरी ओढून हात दुखले. बाबांचं मागच्या आठवड्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि चारनंतर ऊन थेट तोंडावर येतं. सध्या चादर खोचलीय. ५०० च्या आत घरीच काय करता येईल? नवीन घ्यायचा नाहीये. पुणे.

निवांत_७१: नवीनच घ्या. आम्ही दिवाळीत रिमोटवाले झेब्रा ब्लाइंड बसवले. तीन खिडक्यांचे २८,००० गेले, पण बटण दाबलं की काम.

सुमा_धायरी: दोरी सरळ खाली ओढत बसू नका. खिडकीच्या मध्याकडे तिरकी धरून थोडी ओढा आणि हळूच सैल सोडा. बहुतेक ब्लाइंडचं लॉक असंच सुटतं.

गच्चीवाला: पडदेच बरे. पट्ट्या पुसताना आईचं बोट कापलं, तेव्हापासून आमच्याकडे ब्लाइंड बंद.

खटपट्या: लॉकमध्ये दोन थेंब खोबरेल सोडा. माझा दहा वर्षं चालतोय.

सुमा_धायरी: तेल अजिबात नको, धूळ धरतं. शिवाय थंडीत थिजतं. सिलिकॉन स्प्रे मारा.

खटपट्या: पुण्यात कुठली आलीय एवढी थंडी?

सुमा_धायरी: खोबरेल २४ अंशांच्या आसपासच थिजतं. डिसेंबरात बाटली उन्हात ठेवता की नाही?

निवांत_७१: दोरी मध्याकडे ओढून बघा. नाही सुटलं तर आमच्या फिटरचा नंबर देतो.

पेचकस: मी फिटिंगचंच काम करतो. तिरका झालाय म्हणजे एक दोरी लॉकमध्ये अडकलीय आणि दुसरी सरकलीय. वरची पेटी खाली काढा. दोन्ही टोकांच्या ब्रॅकेटची झाकणं उघडली की ती पुढे सरकते. एकाने पेटी धरायची, दुसऱ्याने वरून टॉर्च मारायचा. लॉकमध्ये बारीक दातेरी पिन दिसेल, ती पातळ स्क्रूड्रायव्हरने उचला, दोरी मोकळी होईल. दोरी पिंजली असेल तर मात्र बदलाच. खालच्या पट्टीच्या टोप्या काढल्या की गाठी दिसतात. नवी दोरी जुनीच्या टोकाला जोडून ओढून घ्यायची.

चिमणी_मावशी: लहान मुलं येत असतील तर दोरी लोंबती ठेवू नका हो. गळ्याला फास बसतो. उंचावर गुंडाळा.

पश्चिमखिडकी: भाऊ आणि मी मिळून पेटी काढली. पिन सुटली! पण उजवी दोरी वीतभर पिंजलीय, नुसते धागे उरलेत. बोहरी आळीत दोरी आणायला निघाले होते, तर बाबा म्हणाले, "मी हा वर घेतो कधी?" खरंच, कालचं सोडलं तर दोन वर्षांत घेतलेला नाही. तेव्हा पूर्ण खाली सोडला आणि दोऱ्या वरच्या खिळ्याला बांधल्या. दांडी फिरवली की पट्ट्या मिटतात, आम्हाला तेवढंच हवंय.

पेचकस: दोरी घालूनच टाका, किरकोळ खर्च आहे.

निवांत_७१: असा किती दिवस काढणार? नवीन घ्या.

पश्चिमखिडकी: नाही, राहू दे असाच.

पेचकस: मग निदान जुन्या दोऱ्या उपसून टाकू नका. त्या भोकांतून गेल्यात म्हणून पट्ट्या जागेवर आहेत, नाहीतर आडव्या सरकून निसटतील.

पश्चिमखिडकी: बरं झालं सांगितलंत, उद्या उपसणारच होते. साडेचार वाजलेत. बाबा झोपलेत, तोंडावर ऊन नाही.