शब्दचर्चा : प्रथिन ‘उसवता’ येतं का?

भाषांतरवाली, सातारा : पेशींच्या वाढीवरचा लेख मराठीत आणतेय. यूबिक्विटिन हे ७६ अमिनो आम्लांचं चिमुकलं प्रथिन. त्याची साखळी दुसऱ्या प्रथिनाला जडली की ते बहुधा प्रोटिआसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं तोडणाऱ्या यंत्रणेत, मोडीत निघतं. ती साखळी काढणारी शंभरेक विकरं (एंझाइमं) माणसात आहेत. त्यांना मी ‘यूबिक्विटिन उसवणारी विकरे’ म्हटलं. तपासणाऱ्या सरांची लाल रेघ : उसवणं आपोआप होतं, ‘निर्यूबिक्विटिनीकारक’ लिहा!

कृष्णाकाठ, सांगली : सरांनी कधी शिलाई बघितली नाही वाटतं. ब्लाउज तंग झाला की आमची आई कडेची शिवण उसवून दाबलेलं कापड मोकळं करायची. ‘शिवण उसवली’ वेगळं, ‘उसवून घेतली’ वेगळं.

काटेकोर : परिभाषा शिलाई मशीनवर बनत नाही.

कृष्णाकाठ : मग ‘विकर’ कुठल्या यंत्रावर बनलं? वाईच्या विश्वकोशात एंझाइमच आहे.

प्रयोगशाळेतला : ताई, उसवणं चपखल आहे. कापड शाबूत राहतं, सुटलेलं यूबिक्विटिनही पेशी पुन्हा वापरते. फक्त ‘वाढ रोखणारी विकरे’ असं सरसकट लिहू नका. यूएसपी-७ हे विकर साखळी उसवून पी-५३ या प्रथिनाला वाचवतं, आणि पी-५३ पेशीविभाजनाला लगाम घालतं. पण तेच विकर एमडीएम-२ या प्रथिनालाही वाचवतं, जे पी-५३ वर यूबिक्विटिन चढवून त्याला मोडीत धाडतं. कुणाची शिवण उसवली, त्यावर सगळं.

भाषांतरवाली : आणि लगाम सुटला की ‘पेशींचं पेव फुटतं’, हे चालेल?

हरिपूरकर : पेव फुटत नसतं हो, उघडतात. आमच्याकडे जमिनीखालच्या पेवांत हळद ठेवायचे. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं अन् सगळं इसकटलं.

काटेकोर : फुटलं की आतलं धान्य भसकन बाहेर, म्हणून वाक्प्रचार.

हरिपूरकर : खड्ड्यातलं धान्य भसकन वर कसं येईल? मला वाटतं हळद पिवळी, म्हणून पेव.

कृष्णाकाठ : काका, पेवात ज्वारीही ठेवायचे की! ती कुठं पिवळी?

भाषांतरवाली : मंडळी, उद्या मजकूर द्यायचाय. उसवणं ठेवू का?

हरिपूरकर : ज्वारीचं पेव वेगळं असायचं. थांबा, वडिलांना विचारून सांगतो.