बहुमत हाताशी असूनही केनेडींची मोठी विधेयके का अडली?

खाडीकाठचा वाचक, रत्नागिरी

नमस्कार. आमच्या वाचनालयाच्या अभ्यासमंडळात जॉन केनेडी यांच्या कारकिर्दीवर बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. क्यूबा, बर्लिन आणि चांद्रमोहीम यांविषयी मराठीत पुष्कळ वाचायला मिळते. परंतु त्यांच्या देशांतर्गत कार्यक्रमाविषयी ‘न्यू फ्रंटियर’ हे नाव आणि दोन-चार ओळी यांपलीकडे फारसे हाती लागत नाही. १९६० च्या निवडणुकीनंतर अध्यक्षपद डेमोक्रॅटिक पक्षाकडे आले, सिनेटमध्ये त्या पक्षाचे स्पष्ट बहुमत होते आणि प्रतिनिधिगृहातही त्याच्याकडे २६० च्या आसपास जागा होत्या. असे असताना वृद्धांचा वैद्यकीय विमा, शाळांना केंद्राची सर्वसाधारण मदत, करकपात आणि नागरी हक्क या चारही मोठ्या विधेयकांपैकी एकाचाही त्यांच्या हयातीत कायदा होऊ शकला नाही, हे कसे? आपल्याकडे सरकारजवळ एवढे संख्याबळ असेल, तर विरोधकांनी सभात्याग करायचा आणि विधेयक संमत व्हायचे, एवढेच उरते. आमच्या मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे की, केनेडी केवळ वक्ते होते आणि काम करून दाखवले ते त्यांच्यानंतर अध्यक्ष झालेल्या लिंडन जॉन्सन यांनी. हे मत कितपत ग्राह्य धरावे?

निवृत्त प्राध्यापक, चिपळूण

आपण मोजलेले बहुमत कागदावरचे आहे. त्या २६० मधील सुमारे १०० सदस्य दक्षिणेकडील राज्यांतून आलेले होते. तेथे रिपब्लिकन पक्षाला कित्येक दशके थारा नव्हता, कृष्णवर्णीय नागरिकांना मतदानापासून बहुतांशी दूर ठेवलेले होते आणि डेमोक्रॅटिक उमेदवारी मिळाली की निवडणूक जिंकल्यातच जमा असे. केंद्राचा वाढता खर्च आणि वंशभेदविरोधी कायदे या दोन विषयांवर यांतील बहुतेकजण रिपब्लिकनांच्या बरोबरीने मतदान करीत. आपल्याकडे १९८५ पासून आहे तसा पक्षांतरबंदीचा कायदा तेथे नाही, आणि उमेदवारी मतदारसंघातच ठरत असल्यामुळे अध्यक्षांच्या नाराजीची या मंडळींना फारशी फिकीरही नव्हती. त्यातून केनेडी स्वतः लाखभराच्या फरकाने निवडून आलेले, आणि त्याच निवडणुकीत त्यांच्या पक्षाच्या प्रतिनिधिगृहातील वीसएक जागा कमी झालेल्या. तेव्हा ‘तुम्ही माझ्यामुळे निवडून आलात’ असे ते कोणालाच सांगू शकत नव्हते.

दुसरी गोष्ट समित्यांची, आणि माझ्या मते खरा अडसर तेथे होता. समितीचे अध्यक्षपद सेवाज्येष्ठतेने मिळत असे. ज्याची जागा कधीच धोक्यात येत नाही तोच सर्वांत ज्येष्ठ ठरणार, म्हणून महत्त्वाच्या समित्या दक्षिणेकडील वृद्ध सदस्यांच्या हाती एकवटल्या होत्या. प्रतिनिधिगृहात कोणते विधेयक चर्चेला यावे आणि किती वेळ चर्चा व्हावी, हे नियम समिती ठरवीत असे. तिचे अध्यक्ष व्हर्जिनियाचे हॉवर्ड स्मिथ. बारा सदस्यांत आठ डेमोक्रॅट आणि चार रिपब्लिकन. पण स्मिथ आणि मिसिसिपीचे विल्यम कोल्मर हे दोघे त्या चौघांना मिळाले की सहा विरुद्ध सहा अशी कोंडी होई आणि विधेयक तेथेच पडून राही. बैठकच बोलवायची नाही, हाही स्मिथ यांचा एक मार्ग होता. १९५७ मध्ये नागरी हक्कांचे विधेयक समोर असताना शेतावरच्या कोठाराला आग लागल्याचे कारण सांगून ते वॉशिंग्टनमधून निघून गेले, हा किस्सा प्रसिद्ध आहे.

म्हणून केनेडींच्या कारकिर्दीतील पहिली लढाई कोणत्याही विधेयकासाठी झाली नाही. ती या समितीत तीन खुर्च्या वाढवण्यासाठी झाली. ३१ जानेवारी १९६१ रोजी, शपथविधीला दोन आठवडेही झालेले नसताना, सभापती सॅम रेबर्न यांनी आपली सारी प्रतिष्ठा पणाला लावून समिती पंधरा सदस्यांची करून घेतली. मते पडली २१७ विरुद्ध २१२. त्यात ६४ डेमोक्रॅट विरोधात गेले आणि २२ रिपब्लिकनांनी साथ दिली म्हणून ठराव तरला. आपल्या अभ्यासमंडळात एकच आकडा सांगायचा असेल, तर हा सांगावा. पहिल्याच महिन्यात, स्वपक्षाचा मुरब्बी सभापती सोबत असताना, अध्यक्षांना विरोधी पक्षाकडून उसनी मते घेऊन पाच मतांनी जिंकावे लागले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये रेबर्न वारले. त्यांची जागा घेणाऱ्या जॉन मॅकॉर्मॅक यांचा सभागृहात तेवढा वचक नव्हता.

आपल्या तुलनेविषयी एक सुचवतो. अमेरिकेचा अध्यक्ष काँग्रेसचा, म्हणजे तेथील संसदेचा, सदस्य नसतो, त्यामुळे त्याचे प्रत्येक विधेयक दुसऱ्या कोणीतरी मांडावे लागते. एका अर्थी त्याची अवस्था आपल्याकडील खासगी विधेयक मांडणाऱ्या खासदारासारखी असते. आपल्या राजापूरचे खासदार बॅ. नाथ पै यांनी मूलभूत हक्क घटनादुरुस्तीने कमी करता येणार नाहीत असे ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतर, १९६७ मध्ये, संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार स्पष्ट करणारे विधेयक मांडले. ते संयुक्त समितीकडे गेले, त्यावर देशभर चर्चा झाली, पण जानेवारी १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले तोवर ते संमत झालेले नव्हते. त्याच वर्षी सरकारने तोच अधिकार स्पष्ट करणारी चोविसावी घटनादुरुस्ती केली. विषय योग्य असणे आणि मते जुळणे यांत किती अंतर असते, हे कोकणातील श्रोत्यांना या उदाहरणावरून लवकर कळेल असे वाटते.

सागरवेल, मालवण

सरांनी मांडलेला हिशेब बरोबर आहे, परंतु त्या हिशेबाआड केनेडींची स्वतःची जबाबदारी झाकली जाते, असे मला वाटते. केंद्राच्या मदतीने बांधलेल्या घरांतील वंशभेद अध्यक्ष लेखणीच्या एका फटक्यासरशी संपवू शकतो, असे त्यांनी १९६० च्या प्रचारात सांगितले होते. या आदेशाला काँग्रेसची संमती लागत नव्हती. तरीही तो निघाला २० नोव्हेंबर १९६२ रोजी, म्हणजे अध्यक्षांच्या मुदतीच्या मध्यावर होणाऱ्या काँग्रेसच्या निवडणुका आटोपल्यावर. तोपर्यंत कंटाळलेल्या नागरिकांनी टपालाने व्हाइट हाऊसकडे लेखण्या पाठवायला सुरुवात केली होती. दक्षिणेकडील सदस्य दुखावू नयेत आणि त्यांनी इतर विधेयकांना मते द्यावीत, अशी यामागची गणिते होती. ती मते मिळाली का? १७ जुलै १९६२ रोजी वृद्धांच्या वैद्यकीय विम्याचा प्रस्ताव सिनेटने ५२ विरुद्ध ४८ मतांनी बाजूला सारला आणि त्या ५२ मध्ये २१ डेमोक्रॅट होते. नगरविकासाचे स्वतंत्र खाते निर्माण करण्याची योजनाही त्याच वर्षी फेब्रुवारीत प्रतिनिधिगृहाने २६४ विरुद्ध १५० मतांनी फेटाळली. त्या खात्यावर रॉबर्ट वीव्हर यांना नेमण्याचा मनोदय केनेडींनी आधीच जाहीर केला होता. ते मंत्रिमंडळातील पहिले कृष्णवर्णीय सदस्य ठरले असते, एवढे दक्षिणेला पुरेसे होते.

शाळांच्या मदतीचे प्रकरण मात्र दक्षिणेवर ढकलता येणार नाही. केनेडी हे पहिले कॅथलिक अध्यक्ष, आणि चर्च व शासन यांच्यात पूर्ण फारकत असावी, असे वचन त्यांनी प्रचारात जाहीरपणे दिलेले. त्यामुळे त्यांच्या विधेयकात चर्चच्या शाळांना मदत नव्हती. नियम समितीतील न्यूयॉर्कचे जेम्स डिलेनी हे स्वतः कॅथलिक, एरवी पक्षाबरोबर राहणारे. त्यांनी याच कारणावरून विरोधात मत दिले आणि जुलै १९६१ मध्ये आठ विरुद्ध सात मतांनी विधेयक अडले. पाच महिन्यांपूर्वी एवढ्या खटपटीने वाढवलेली समिती, आणि तिच्यातच एका मताने हार. वचन पाळले तर कॅथलिक सदस्य दुरावतात आणि मोडले तर प्रॉटेस्टंट मतदार, अशा पेचातून त्यांना अखेरपर्यंत वाट सापडली नाही.

दापोलीकर

अडलेल्या विधेयकांची चर्चा झाली. जी पार पडली त्यांकडेही पाहावे. किमान वेतन ताशी एक डॉलरवरून सव्वा डॉलर करणारा कायदा, मागास भागांच्या विकासाचा कायदा आणि गृहनिर्माणाचा कायदा १९६१ मध्येच झाले. १९६२ मध्ये कामगार प्रशिक्षणाचा आणि परदेशी व्यापाराचा कायदा झाला. १९६३ मध्ये स्त्री-पुरुषांना समान वेतन देणारा कायदा आणि मानसिक आरोग्य केंद्रांचा कायदा झाला.

आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना विशेष वाटावा असा कायदा केप कॉड किनाऱ्याचा. मॅसॅच्युसेट्समधील तो किनारा राष्ट्रीय ठेवा म्हणून राखण्याचे विधेयक केनेडी सिनेटर असताना त्यांनी आणि रिपब्लिकन सिनेटर लेव्हरेट सॉल्टनस्टॉल यांनी मिळून आणले होते. ७ ऑगस्ट १९६१ रोजी अध्यक्ष म्हणून केनेडींनीच त्यावर सही केली. गावांनी बांधकामाचे नियम ठरलेल्या चौकटीत केले, तर तेथील जुन्या घरांचे सक्तीने संपादन होणार नाही, अशी सोय त्यात होती. किनारा नियमन क्षेत्राच्या नावाने आपल्याकडे घराच्या दुरुस्तीपासून कागदपत्रांचा जो घोळ चालतो, तो अनुभवलेल्या माणसाला अशा तडजोडीचे मोल समजते. विरोधी पक्षाचा भागीदार सुरुवातीपासून सोबत आणि स्थानिकांची समजूत काढलेली, हे दोन्ही येथे होते. वैद्यकीय विम्याच्या बाबतीत यांपैकी काहीच नव्हते. उलट डॉक्टरांची राष्ट्रीय संघटना उघड विरोधात उतरली होती.

खाडीकाठचा वाचक, रत्नागिरी

आपणा सर्वांचा आभारी आहे. सागरवेल ताईंचा मुद्दा मांडणीत अवश्य घेतो. जॉन्सन यांच्याविषयीचा प्रश्न तेवढा राहिला.

निवृत्त प्राध्यापक, चिपळूण

‘काम जॉन्सन यांनी केले’ हे विधान दोन भागांत तपासावे. करकपात आणि नागरी हक्क ही विधेयके केनेडींनी १९६३ मध्ये मांडलेली होती. करकपात सप्टेंबरमध्ये प्रतिनिधिगृहाने संमत केली, ती सिनेटच्या वित्त समितीत हॅरी बर्ड यांच्यापाशी अडली होती. जॉन्सन यांनी अंदाजपत्रक १०० अब्ज डॉलरच्या आत आणून बर्ड यांचे समाधान केले आणि फेब्रुवारी १९६४ मध्ये कायदा झाला. नागरी हक्कांच्या विधेयकाला ओहायोचे रिपब्लिकन सदस्य विल्यम मॅकलक यांचा पाठिंबा केनेडींच्या हयातीतच मिळालेला होता. सिनेटमधील दक्षिणेची लांबवलेली चर्चा मात्र जॉन्सन यांच्या काळात, जून १९६४ मध्ये, ७१ विरुद्ध २९ मतांनी बंद पाडावी लागली. या दोन्ही ठिकाणी त्यांचे कौशल्य निर्विवाद आहे, आणि केनेडींच्या हत्येनंतरच्या लोकभावनेचे बळही त्यांना मिळाले. जॉन्सन केनेडींचे उपाध्यक्ष असताना काँग्रेस हाताळण्यासाठी हेच कौशल्य फारसे वापरले गेले नाही, याचा दोष अर्थात केनेडींकडे जातो.

वैद्यकीय विमा आणि शाळांची मदत हे कायदे १९६५ चे आहेत. मधल्या निवडणुकीत प्रतिनिधिगृहातील डेमोक्रॅट सदस्यांची संख्या २९५ झाली होती, आणि तोवर विम्याला विरोध करणारे अर्थविषयक समितीचे अध्यक्ष विल्बर मिल्स यांनी ते आकडे पाहून स्वतःच विधेयकाची नवी मांडणी केली. १९६१ च्या सभागृहात जॉन्सन यांनाही मिल्स वळवता आले असते, असे मला वाटत नाही. आपल्या ज्येष्ठ सदस्यांना १९६१ आणि १९६५ च्या संख्या शेजारीशेजारी लिहून दाखवाव्यात. त्यानंतरही ते मतावर ठाम राहिले, तर नागरी हक्कांबाबतच्या दिरंगाईचा ताईंचा मुद्दा त्यांच्या बाजूने जातो, हे मान्य करावे लागेल.