पाच स्टारची छोटी गाडी एक्स्प्रेसवेवर कितपत वाचवते?

कोथरूडकर: भारत एनकॅपमध्ये (गाड्यांची धडक-चाचणी घेऊन सुरक्षेचे स्टार देणारा सरकारी कार्यक्रम) पाच स्टार मिळालेली, हजार किलोच्या आसपासची गाडी बघतोय. पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर १०० ने जाताना त्या स्टारवर किती विसंबायचं? मागे आईवडील आणि तीन वर्षांची मुलगी असते.

धुराडे: समोरची चाचणी ६४ च्या वेगाने, पुढच्या रुंदीच्या ४० टक्के भागावर, चेपणाऱ्या अडथळ्यावर होते. म्हणजे साधारण आपल्याच वजनाची गाडी समोरून आली असं धरायचं. प्रत्यक्षात ९०० किलोची आणि १८०० किलोची गाडी दोन्हीकडून ५० ने भिडल्या, तर हलक्या गाडीचा वेग क्षणात ६७ ने बदलतो, जड गाडीचा ३३ नेच. त्यामुळे हॅचबॅकचे पाच आणि एसयूव्हीचे पाच एका मापात मोजू नका. एकाच वजनाच्या गाड्यांत मात्र जास्त स्टारवालीच घ्या. आणि १०० ला ऊर्जा ६४ च्या जवळपास अडीचपट असते, ती कुठल्याच चाचणीत नाही.

मागचीसीट: आईवडिलांबद्दल ते स्टार फारसं काही सांगत नाहीत. समोरच्या धडकेत मोठ्यांचे डमी पुढे बसवतात. मागे असतात दीड आणि तीन वर्षांच्या मुलांचे. मागच्या बेल्टला प्रीटेन्शनर (धडकेच्या क्षणी बेल्ट आवळणारी यंत्रणा) आहे का, हे शोरूममध्ये विचारा (बहुतेक सेल्समनना माहीत नसतं, स्पेसिफिकेशनचा कागदच मागा). बेल्टचा खालचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडावर हवा.
चाचणीत मुलांच्या सुरक्षेचे ४९ गुण असतात, त्यांपैकी २४ च प्रत्यक्ष धडकेचे. १२ चाइल्ड सीट नीट बसण्याचे, १३ गाडीतल्या सोयींचे. तेही कंपनीने सुचवलेल्या चाइल्ड सीटवर. आयसोफिक्सच्या (चाइल्ड सीट गाडीला अडकवायचे हुक) दोन्ही खुणा हिरव्या झाल्या तरी टॉप टेदर (सीटचा वरचा पट्टा) किंवा सपोर्ट लेग (सीटचा जमिनीवर टेकणारा पाय) राहून जातो, मग धडकेत सीट पुढे कलंडते.

कोथरूडकर: आणि ट्रकच्या मागे घुसलो तर?

धुराडे: तिथे स्टार जवळजवळ निकामी. बॉनेट ट्रकखाली जातं, चेपायचा भाग चेपतच नाही आणि ट्रकचा हौदा थेट काचेवर येतो. १०० ला सेकंदाला २८ मीटर जाता. तीन सेकंदांचं, म्हणजे ८० मीटरच्या वर अंतर ठेवा, रात्री त्याहून जास्त. बुलगार्ड (बंपरपुढचा लोखंडी दांडा) लावू नका, एअरबॅगच्या सेन्सरची वेळ चुकते. साइड एअरबॅग सीटमध्ये असेल तर बाजूने शिवून बंद केलेलं सीट कव्हरही नको.