गाडीचा एसी: गॅस ‘संपतो’ की गळतो?

गारेगार (मूळ धागा):
एसी गार करेनासा झाला की उगाच डोकं खाजवू नका. दोन वर्षांत गॅस संपतोच. मीटर लावलेला आर-१३४ए चा (एसीच्या गॅसचा) कॅन आणा, लो साइडला (कमी दाबाच्या नळीला) लावा, काटा हिरव्या पट्ट्यात आला की थांबा. पंधरा मिनिटांचं काम.

पाना_दहा:
हे वाचून राहवलं नाही. गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे, जळून संपायला. बंद नळ्यांत तोच तो फिरतो. कमी झाला तर कुठून तरी गळाला.

आणि तो हिरवा पट्टा! गाडी बंद नि थंड असताना, ३० अंशांत काटा ९५-१०० पीएसआयच्या (हे दाबाचं एकक) आसपास उभा राहतो. आत १५० ग्रॅम असो की ५००, थोडा जरी द्रव शिल्लक असेल तर आकडा तोच, कारण तो दाब तापमानावर ठरतो. एसी चालू करून लो साइड १० वर दिसली तरी गॅस कमीच असेल असं नाही. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (गॅस बारीक भोकातून सोडणारा) तुंबला तरी काटा असाच पडतो. त्यावर कॅन रिकामा केलात तर हाय साइडचा (जास्त दाबाच्या बाजूचा) दाब चढत जाईल.

आधी फुकटातल्या गोष्टी बघा. झोत कमी आहे? केबिन फिल्टर काढा. पळताना गार आणि सिग्नलला गरम? कंडेन्सरचा (पुढच्या जाळीचा, गॅसची उष्णता बाहेर टाकणारा) पंखा फिरतो का बघा, जाळीतली माती पाण्याच्या हलक्या धारेने धुवा. बोनेट उघडून एसी लावा: कॉम्प्रेसरला (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाला) क्लच असेल तर ‘टक’ होऊन पुलीची पुढची तबकडी फिरायला हवी. कॉम्प्रेसरकडे परत येणारी जाड नळी गार लागते, वर दव धरलंय, तरी आत गरम हवाच येते? मग गॅसचा संबंध नाही, डॅशबोर्डमागचा ब्लेंड डोअर (गरम-गार हवा मिसळणारी झडप) बहुतेक अडकलाय.

गारेगार:
रबरी होजमधून आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलमधून थोडा गॅस धडधाकट गाडीतही झिरपतो, हे तुम्ही सोयीस्कर गाळलंत. तेवढा भरून काढण्यात काय पाप आहे?

पाना_दहा:
झिरपतो, मान्य. पण त्याला बरीच वर्षं लागतात. एका उन्हाळ्यात गेला तर ती गळतीच.

लो_साइड:
क्लच ओढतच नसेल तर प्रेशर स्विचला जम्पर मारा (तो वगळून वायर थेट जोडा), कॉम्प्रेसर चालू राहतो नि गॅस पटकन ओढला जातो.

मीटरवाला:
कृपा करून हे कोणी करू नका! तो स्विच गॅस कमी झाला की कॉम्प्रेसर बंद ठेवून त्याला वाचवायला असतो. तेल गॅसबरोबरच फिरतं. गॅस नाही म्हणजे तेल नाही. कॉम्प्रेसर कोरडा घासतो आणि धातूचा चुरा कंडेन्सर, ड्रायर (ओलावा शोषणारा डबा), व्हॉल्व्हपर्यंत जातो. मग एक भाग बदलून भागत नाही. आधी फ्यूज बघा, रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) तशाच दुसऱ्या रिलेशी अदलाबदल करा, क्लच कॉइलचा रोध मोजा. ३ ते ५ ओहम आला तर कॉइल बहुतेक ठीक आहे.

व्हॅक्यूम_गेज:
गळतीचं एवढं काय? पंप लावून ४५ मिनिटं व्हॅक्यूम काढा (आतली हवा ओढून घ्या), अर्धा तास सोडा. काटा हलला नाही की गळती नाही.

मीटरवाला:
चूक. व्हॅक्यूममध्ये बाहेरून आत फक्त हवेचा दाब, म्हणजे १४.७ पीएसआय. चालू एसीत हाय साइडला आतून बाहेर २०० च्या पुढे. जी ओ-रिंग (जोडातली रबरी कडी) दाबाखाली फसफसते तीच व्हॅक्यूममध्ये आत ओढली जाऊन घट्ट बसते.

व्हॅक्यूम_गेज:
मग व्हॅक्यूम काढूच नका म्हणा ना!

मीटरवाला:
असं कुठे म्हटलं? व्हॅक्यूम ओलावा काढायला हवाच. पण गळती कोरड्या नायट्रोजनने शोधा: रेग्युलेटर लावून १५० पीएसआय, मग प्रत्येक जोडावर साबणाचा फेस. ऑक्सिजन चुकूनही नको, तेलाशी गाठ पडली तर स्फोट होतो. टायरची हवाही नको, तिच्यात पाणी असतं आणि एसीतलं पीएजी तेल ते शोषून घेतं.

व्हॅक्यूम_गेज:
ठीक. मोठी गळती व्हॅक्यूममध्ये कळते, बारीक सुटू शकते. एवढंच मानतो.

पाना_दहा:
गॅस भरायच्या पोर्टची टोपणं काढून आतल्या व्हॉल्व्हवरही फेस लावा. कित्येकदा गळती तिथेच असते. नळीच्या जोडावर तेलकट, धूळ धरलेला डाग दिसला तर ती ओ-रिंग बदला. आणि लीक सीलंट मिसळलेला कॅन नको. तो एक्स्पान्शन व्हॉल्व्हही तुंबवतो.

गारेगार:
काट्याची ओळ धाग्यातून काढली. बोनेटखालच्या स्टिकरवरच्या वजनाइतकाच गॅस, कॅन वजनकाट्यावर ठेवून भरा असं लिहिलंय. गॅस घरी भरता येतो हे मत मात्र कायम.

मीटरवाला:
वजनाने भरायचं तर आधी सिस्टीम पूर्ण रिकामी हवी, नाहीतर आत किती उरलाय हे कळणार कसं? उरलेला हवेत सोडू नका, १३४ए कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारपटीहून जास्त उष्णता धरतो. तो काढून घ्यायला रिकव्हरी मशीन लागतं, तेवढ्यासाठी गॅरेजला जा. बाकी घरी करा, पण गॉगल आणि हातमोजे घालून: द्रव उणे २६ अंशांवर उकळतो, बोटावर उडाला तर कातडी गोठते.