पाच दिवसांचा आठवडा म्हणजे कामाच्या तासांत कपात का?

सातारकर (धागाकर्ता):
महाराष्ट्र शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून आपल्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू केला, तेव्हापासून ‘सरकारी लोकांचे काम कमी झाले’ असे सर्रास ऐकू येते. त्या वेळी शासनाने मांडलेला हिशेब निराळा होता. पूर्वी रोज सव्वासात तासांप्रमाणे वर्षाचे २८८ दिवस, म्हणजे २०८८ तास. आता रोज आठ तासांप्रमाणे २६४ दिवस, म्हणजे २११२ तास. दुसरा आणि चौथा शनिवार तर आधीपासूनच सुट्टीचा होता. तास वाढलेल्या व्यवस्थेला कपात म्हणणे मला पटत नाही.

बांधावरून:
हिशेब कागदावर बिनचूक आहे, पण तो कर्मचाऱ्याच्या बाजूने मांडलेला आहे. फेरफाराच्या नोंदीसाठी तहसील कार्यालयात खेटे घालणाऱ्या मजुराला शनिवारी अर्धी मजुरी बुडवून तरी काम उरकता येत असे. आता आठवड्यातला पुरा दिवस मोडावा लागतो. कार्यालय सव्वासहापर्यंत उघडे असते हे खरे, मात्र त्या वेळेपर्यंत थांबले तर आमच्या गावाची शेवटची एसटी हुकते. वाढवलेली पाऊण तासाची वेळ आमच्या कामाची नाही. तुम्ही तास मोजता, आम्ही दिवस मोजतो, आणि दिवस कमीच झाले आहेत.

कसारा लोकल:
कर्मचाऱ्याची बाजू एवढी सुखाची नाही. मंत्रालयात पावणेदहाला हजेरी लावण्यासाठी पहाटे घर सोडणाऱ्यांना पूर्वी साडेपाचला सुटून थोडी कमी गर्दीची गाडी मिळे. शिपायांची वेळ तर साडेनऊ ते साडेसहा आहे. शिवाय पोलीस, रुग्णालये, शाळा यांना हा निर्णय लागूच नव्हता. शिव्या मात्र सगळ्यांना सरसकट बसतात.

सातारकर:
बांधावरून यांची अडचण खरी आहे, पण तिचे मूळ शनिवारच्या सुट्टीत नाही. एका कामासाठी चार हेलपाटे घालायला लावणारे कार्यालय सहा दिवस उघडे राहिले, तरी हेलपाटे चारच पडणार. फार तर तालुक्याच्या ठिकाणी शनिवारी आळीपाळीने मोजके कर्मचारी ठेवावेत.

बांधावरून:
आळीपाळीने आलेला कर्मचारी ‘संबंधित टेबलाचे साहेब सोमवारी येतील’ एवढेच सांगणार असेल, तर तो नुसता बसून काय उपयोग? सही करण्याचा अधिकार असलेला माणूस शनिवारी हवा, आणि तशी तरतूद करायला तुमची कर्मचारी संघटना तयार होईल का, हे आधी सांगा.